नंदादीपाचे तेल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या गुरुजनांची सारी हयात हिशेबतपासनीसाच्या नोकरीत गेली, आणि तरीही दर रविवारी पहाटे खांद्याला झोळी अडकवून ते डोंगराची वाट धरीत असत, हे या सभागृहातील जुन्या मंडळींना आठवत असेल. जमाखर्चाची वही आणि रानवाट या दोहोंवर सारखेच प्रेम करणाऱ्या माणसाचे स्मरण करायचे, तर विषयही असा हवा की ज्यात वहीतून रान दिसेल आणि रानातून वही. म्हणून आज मी आपणांपुढे अमेरिकेतील घटकराज्यांची वन्यजीव खाती शिकारीच्या आणि मासेमारीच्या परवान्यांच्या पैशावर कशी चालतात, हा विषय मांडणार आहे. विषय परमुलखाचा आहे आणि वरवर पाहता रुक्षही आहे. परंतु ज्या प्रश्नाभोवती तो फिरतो तो प्रश्न आपल्या देवळांच्या, पाटबंधाऱ्यांच्या आणि ग्रंथालयांच्या हिशेबात आपणांस पूर्वीपासून भेटलेला आहे. सार्वजनिक वस्तूची निगा राखण्यासाठी पैसा कोणी द्यावा, आणि जो देतो त्याचा त्या वस्तूवर किती अधिकार चालावा, हा तो प्रश्न.

काही वर्षांपूर्वी सेंट लुई शहरात माझ्या भाच्याकडे मी थोडे दिवस मुक्कामाला होतो. एका सकाळी तो मला एका अवाढव्य दुकानात घेऊन गेला. तेथे एका कोपऱ्यात गळ, रबरी बूट आणि गांडुळांच्या डब्या यांच्या गर्दीत एक मेज होते आणि त्यामागे बसलेली मुलगी लोकांना मासे धरण्याचे परवाने छापून देत होती. रांगेतल्या एका वृद्धाने परवाना घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि गांडुळांची डबी उचलून तो निघून गेला. त्याने दिलेली ती थोडकी रक्कम पुढे कोणकोणत्या हातांतून जाते आणि शेवटी कोणत्या ओढ्याच्या काठी खर्ची पडते, याचा मी मग शोध घेऊ लागलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या शोधाचा वृत्तांत समजावा.

या व्यवस्थेचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी आपल्या मागे जो कायदा टाकला, त्यात हरिण राजाचे होते, सशावर जमीनदाराचा हक्क होता, आणि भुकेल्या कुळाने ससा मारला तर त्याला जबर शिक्षा होती. आपल्याकडेही संस्थानिकांची राखीव राने होतीच. कोल्हापूरकरांच्या शिकारीचे दाजीपूरचे रान हे आज गव्यांचे अभयारण्य म्हणून आपण पाहतो, ते त्याच परंपरेतले. नव्या देशात ही मालकी चालली नाही. न्यू जर्सीतील कालवांच्या वादात, १८४२ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की नदीच्या पात्रातले हे धन कोणा एकाचे नव्हे, ते सर्व प्रजेसाठी राखलेली ठेव आहे. आणि पुढे १८९६ साली गीर विरुद्ध कनेटिकट या खटल्यात रानातील पशुपक्ष्यांसही तोच न्याय लावून, राज्य हे त्यांचे विश्वस्त होय असे म्हटले. (राज्याच्या मालकीचे तत्त्व त्या निकालाने ज्या टोकाला नेले ते न्यायालयाने १९७९ साली परत घेतले, पण विश्वस्ताची कल्पना मात्र टिकून राहिली.)

विश्वस्त नेमला गेला, परंतु त्याच्या हाती दमडी नव्हती. दरम्यान सर्वांचे ते कोणाचेच नाही, या न्यायाने लूट चालू होती. रेल्वे आली, शीतगृहे आली, शहरांच्या बाजारांत रानपाखरांच्या मांसाला भाव आला, आणि पोटापाण्यासाठी नव्हे तर पेट्या भरून पाठविण्यासाठी मारणारे व्यापारी शिकारी गावोगाव हिंडू लागले. ज्या प्रवासी कबुतरांचे थवे आकाश झाकून टाकीत असत, त्यांतली शेवटची मादी, मार्था तिचे नाव, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. कोट्यवधींनी मोजावे असे गवे शेकड्यांवर आले. कायदे नव्हते असे नाही. कायदे होते, पण ते अंमलात आणणारा शिपाई नव्हता, आणि शिपाई नव्हता कारण त्याच्या पगाराची तरतूद कोणत्याही बाबीत नव्हती.

ही तरतूद परवान्याने केली. १८९५ च्या सुमारास मिशिगन, उत्तर डकोटा अशा राज्यांनी आपल्याच रहिवाशांकडून शिकारीच्या परवान्याचे शुल्क घेण्यास आरंभ केला आणि पुढील दोन-तीन दशकांत ही प्रथा देशभर पसरली. यातली युक्ती साधी होती: जो रानातून काही घेऊन जातो त्याने रानाच्या राखणदाराचा पगार द्यावा. परवान्याच्या पैशातून रक्षक नेमले गेले, अंडी उबवून मत्स्यबीज सोडण्याची केंद्रे निघाली, राखीव क्षेत्रे विकत घेतली गेली.

परंतु ज्याने कोणी सरकारी तिजोरीचा कारभार जवळून पाहिला असेल त्याला पुढे काय झाले हे सांगण्याची आवश्यकता नाही. एखाद्या खात्याकडे नियमाने पैसा जमू लागला की इतर खात्यांची नजर त्यावर न पडेल तरच नवल; आणि त्यातून ते खाते हरणांचे आणि बदकांचे असले म्हणजे त्याच्या पैशाला वाली कोण? अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी शिकाऱ्यांचा हा पैसा खुशाल इतर कामांकडे वळविला, आणि १९२९ नंतरच्या महामंदीत तर या वळविण्याला गरजेचे सबळ कारणही मिळाले. रक्षक घरी बसले. परवाने मात्र विकले जात होतेच.

येथे या कथेत एक मनुष्य येतो, ज्याचे मला फार कौतुक वाटते. आब्सलम विलिस रॉबर्टसन हे व्हर्जिनियाचे प्रतिनिधी. पण काँग्रेसमध्ये जाण्यापूर्वी ते आपल्या राज्याच्या शिकार व मत्स्य आयोगाचे अध्यक्ष होते, आणि तिजोरीवरचे हे हात त्यांनी स्वतःच्या दफ्तरात बसून पाहिले होते. १९३७ साली कार्ल शूमेकर नावाचे गृहस्थ एका विधेयकाचा मसुदा घेऊन त्यांच्याकडे आले. बंदुका आणि काडतुसे यांवर आधीपासूनच बसणारी केंद्राची अबकारी सर्वसाधारण खजिन्यात न टाकता वन्यजीवांच्या पुनरुज्जीवनासाठी राज्यांना वाटून द्यावी, अशी त्यातली योजना होती. सिनेटमध्ये नेवाडाचे की पिटमन ते मांडण्यास तयार होते. कनिष्ठ सभागृहासाठी रॉबर्टसन हवे होते. त्यांनी मसुदा वाचला आणि आपण तो मांडू, मात्र त्यात एक वाक्यांश आपल्या मनाप्रमाणे घालावा लागेल, असे सांगितले. मूळ इंग्रजीत अवघ्या एकोणतीस शब्दांचा हा वाक्यांश आहे, आणि त्याचा आशय असा की ज्या राज्याला या निधीतला वाटा हवा असेल त्याने आधी आपल्या विधिमंडळात असा कायदा केला पाहिजे, की शिकाऱ्यांनी भरलेले परवाना शुल्क त्या राज्याच्या मत्स्य व शिकार खात्याच्या कारभाराखेरीज अन्य कोणत्याही कामाकडे वळविले जाणार नाही. २ सप्टेंबर १९३७ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली. केंद्राच्या पैशाच्या आशेने राज्यांनी आपापल्या तिजोरीला स्वतःच्याच हाताने कुलूप घातले.

मला या एकोणतीस शब्दांत आपल्या जुन्या इनामपत्रांचा गंध येतो. आपल्याकडे देवळाच्या नंदादीपासाठी जमीन लावून देण्याची रीत होती. त्या जमिनीचे उत्पन्न दिव्याच्या तेलालाच लागायचे, ती विकता येत नसे, गहाण टाकता येत नसे, आणि राजवट बदलली, पेशवाई जाऊन कंपनी आली, तरी नवा अंमलदार सनदा तपासून देवस्थानाचे इनाम बहुधा चालू ठेवी. यामागे मनुष्यस्वभावाचे पक्के ज्ञान होते. भक्ती आज आहे, उद्या ओसरेल. राजा आज उदार आहे, उद्या त्याला लढाईसाठी पैसा लागेल. म्हणून दिवा कोणाच्या मर्जीवर ठेवायचा नाही, जमिनीवर ठेवायचा. रॉबर्टसन यांनी हरणांना आणि टर्कींना असेच एक इनाम लावून दिले.

या इनामाची व्यवस्था कशी आहे, तेही सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे गुणदोष तिच्यातून निघतात. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के आणि, १९७० च्या दशकापासून, तिरकमठ्यांच्या सामानावरही ११ टक्के अशी अबकारी कारखानदार केंद्राकडे भरतो. शिकारीच्या मुख्य निधीची वाटणी होते ती निम्मी राज्याच्या क्षेत्रफळावर आणि निम्मी त्या राज्यात किती लोकांनी पैसे मोजून परवाना घेतला त्या संख्येवर. मंजूर कामाच्या खर्चात केंद्राचे तीन हिस्से, राज्याचा एक. आणि तो एक हिस्सा राज्य बहुतेक वेळा परवान्याच्या पैशातूनच भरते. म्हणजे दुकानातल्या त्या मेजावर फाडलेला प्रत्येक परवाना दोनदा कामी येतो: एकदा स्वतःच्या शुल्काने आणि दुसऱ्यांदा केंद्राकडचा वाटा ओढून आणणारी मोजदाद म्हणून. मासेमारीसाठी असाच कायदा १९५० साली झाला, डिंगेल आणि जॉन्सन यांच्या नावांनी तो ओळखला जातो, आणि १९८४ साली त्यात मोटारबोटींच्या इंधनावरील कराची भर पडली. त्याचा तपशील मी सोडून देतो, कारण तत्त्व तेच आहे.

बदकांच्या तिकिटाविषयी मात्र दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३४ च्या कायद्याने पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्याला एक डॉलरचे तिकीट विकत घेऊन त्यावर सही करणे भाग झाले आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी घेण्याचे ठरले. पहिल्या तिकिटावरचे चित्र काढले ते ‘डिंग’ डार्लिंग यांनी. हे गृहस्थ वर्तमानपत्रातले नामांकित व्यंगचित्रकार. सरकारवर कुंचल्याने कोरडे ओढता ओढता त्याच सरकारच्या जीवशास्त्रीय पाहणी खात्याचे प्रमुख होऊन बसले! धोब्याकडून आलेल्या सदऱ्यातल्या पुठ्ठ्यावर त्यांनी घाईघाईने पाण्यावर उतरणाऱ्या बदकांची जोडी रेखाटली, असे सांगतात. आज त्या तिकिटाला २५ डॉलर पडतात, आणि शिकारीशी काडीचा संबंध नसलेले लोकही ते पाखरांच्या प्रेमाने घेतात.

फळ काय मिळाले? रानटी टर्की देशभरात दोन लाखांपर्यंत खाली आली होती, ती साठ लाखांच्या वर गेली. पांढऱ्या शेपटीची हरणे विसाव्या शतकाच्या आरंभी पाच लाखांच्या आसपास उरली होती असे मानतात, ती आज तीन कोटींच्या घरात आहेत. हे नुसत्या पैशाने झाले नाही. त्यामागे कामाची चिकाटी आहे. आधी खुराड्यात वाढविलेल्या टर्की रानात सोडून पाहिल्या, त्या जगल्या नाहीत, कोल्ह्याला भिणे त्यांना ठाऊकच नव्हते. मग १९५० नंतर, तोफेने फेकायच्या जाळ्यांनी अस्सल रानटी पक्षी धरून, ते पेट्यांतून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन सोडण्याचे काम दशकानुदशके चालले. विधिमंडळाच्या दरवर्षीच्या मर्जीवर जगणाऱ्या खात्याला असे तीस-चाळीस वर्षांचे काम हाती घेण्याची छातीच झाली नसती. कुलपाचा हा गुण मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे, आणि शिकाऱ्याचे नाव ऐकताच नाक मुरडणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर तो अधिकच मान्य केला पाहिजे.

पण नंदादीपाची जी दुसरी बाजू असते, ती येथेही आहे. तेल घालणाऱ्या घराण्याला देवळात मान असतो. पालखी आधी त्यांच्या दारी थांबते, आरतीचे तबक आधी त्यांच्यापुढे येते. शिवाय त्या दिव्याचा उजेड एका गाभाऱ्यापुरता. मागच्या ओवरीत कोणती मूर्ती झिजते आहे, हे त्या उजेडात दिसत नाही.

पेन्सिल्व्हेनियाचे उदाहरण घ्या. तेथील शिकार आयोग परवान्यांच्या पैशावर चालणारा, आणि आपल्या काळी कार्यक्षम म्हणून वाखाणला गेलेला. त्याने १९२९ साली गॉसहॉक जातीच्या बाजावर पाच डॉलरचे इनाम लावले, जिवंत ठेवणाऱ्याला नव्हे, मारून आणणाऱ्याला, कारण बाज हा तितराचा, म्हणजे पर्यायाने शिकाऱ्याचा प्रतिस्पर्धी. शरद ऋतूत किट्टाटिनी डोंगराच्या कड्यावरून दक्षिणेकडे जाणारे बाज, गरुड आणि ससाणे लोक रांगा लावून टिपीत असत. रोझली एज नावाच्या न्यूयॉर्कच्या एका जिद्दी बाईने १९३४ साली तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला, पुढे विकत घेतला, आणि वाटेवर राखणदार बसवला. त्याच जागी आज हॉक माउंटनचे अभयारण्य आहे. ज्या पक्ष्याचा परवाना विकला जात नव्हता, त्याच्यासाठी एका खासगी बाईला स्वतःच्या पदराला खार लावावा लागला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

तो काळ गेला आणि बाजांवरचे ते इनामही गेले. आज या खात्यांतून उत्तम शास्त्रज्ञ काम करतात. तरी हिशेबाचा कल सुटत नाही. फेझंट हा चीनकडून आणलेला पक्षी आणि ब्राउन ट्राउट हा युरोपातून आणलेला मासा. दोघेही त्या भूमीचे नव्हेत, पण दोघांनाही गिऱ्हाईक आहे, म्हणून त्यांची पैदास खात्याच्या खर्चाने होते. लांडगा हरणे खातो. हरणांवर परवाने विकले जातात. मग लांडग्याविषयी खात्याचे मत बनताना हा हिशेब मनात डोकावत नसेल, असे मानणे भोळेपणाचे होईल. पश्चिमेकडील राज्यांत तर परगावच्या शिकाऱ्याकडून कित्येक पटींनी शुल्क घेतात. मोंटाना राज्यात १९७६ साली एल्क हरणाच्या परवान्याला रहिवाशास ९ डॉलर पडत आणि बाहेरच्यास एकत्रित परवान्याचे २२५ डॉलर मोजावे लागत. त्यावर बाल्डविन खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७८ साली न्यायालयाने सांगितले की एल्कची शिकार हा करमणुकीचा भाग आहे, उपजीविकेचा मूलभूत हक्क नव्हे, तेव्हा राज्याने हवा तो फरक करावा. त्याच मोंटानात २०१३ साली रानमेंढ्याच्या एका परवान्याचा लिलाव ४ लाख ८० हजार डॉलरला गेला. तो पैसा मेंढ्यांच्याच कामी येतो, हे खरे. पण ज्या तत्त्वाने राजाचे हरिण प्रजेचे केले होते, त्या तत्त्वाला त्या लिलावाच्या सभागृहात किंचित अवघडल्यासारखे झाले असेल.

याहून खोल अडचण ही की तेल घालणारे घराणेच आता लहान होत चालले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्या देशात सुमारे १ कोटी ७० लाख शिकारी होते. २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत ते १ कोटी १५ लाख भरले, म्हणजे सोळा वर्षांवरील शंभर माणसांत जेमतेम चार-पाच. त्याच पाहणीत पक्षी-प्राणी नुसते पाहण्यात, त्यांची छायाचित्रे घेण्यात, अंगणात त्यांना दाणे घालण्यात रमणारे लोक ८ कोटी ६० लाख निघाले. या आठ कोटींकडून खात्याला परवान्याच्या वाटेने काही मिळत नाही, कारण पाहण्याला परवाना नाही. गंमत अशी की अबकारीचा निधी मात्र आटला नाही. उलट अलीकडे एकेका वर्षात तो एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला. कारण लोक स्वसंरक्षणासाठी किंवा नुसत्या नेमबाजीच्या हौसेने बंदुका घेत आहेत. शहरात चोरांची धास्ती वाढली की रानात हरणांची सोय होते, असा हा व्यवहार. तो तयार करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. आणि ज्यांच्या पूर्वजांची ती राने होती त्या आदिवासी राष्ट्रांना, त्यांची माणसेही हीच अबकारी भरीत असता, या दोन्ही कायद्यांच्या वाटणीत वाटा नाही. या वगळणुकीचे कोणतेही समर्थन मला पटलेले नाही.

तर मग उपाय कोणता? कुलूप काढावे, असे म्हणणारे आहेत. मला ते आत्मघातकी वाटते. शिकाऱ्यांचा अधिकार घटवून त्यांचाच पैसा सर्वांसाठी वापरावा, असेही म्हणणारे आहेत. त्यात न्याय नाही. माझे म्हणणे एवढेच की उरलेल्यांनी आपले तेल आणावे. आणि हे होऊ शकते, याचा पुरावा ज्या राज्यात माझा भाचा राहतो तेथेच आहे.

मिसुरीच्या मतदारांनी १९३६ सालीच राज्यघटनेत दुरुस्ती करून वन्यजीवांचा कारभार चार सदस्यांच्या एका स्वतंत्र आयोगाकडे सोपविला होता, आणि त्यांतले दोनांहून अधिक एका पक्षाचे नसावेत असा दंडक घातला होता. पुढे केवळ परवान्यांवर भागणार नाही हे ध्यानात आल्यावर निधीचा शोध सुरू झाला. पहिली कल्पना शीतपेयांवर कर बसविण्याची होती. परंतु मतदारांच्या सह्यांच्या त्या अर्जात कायद्याला आवश्यक असे एक प्रास्ताविक वाक्य घालायचे राहून गेले आणि न्यायालयाने तो रद्द केला. हजारो सह्या एका विसरलेल्या वाक्यापायी वाया गेल्या! तरीही ती मंडळी पुन्हा उभी राहिली, आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये मिसुरीच्या जनतेने, फार मोठ्या नव्हे अशा मताधिक्याने, प्रत्येक खरेदीवर एक अष्टमांश टक्का विक्रीकर स्वतःवर बसवून घेतला. आठ डॉलरच्या मालावर एक सेंट. किराणाही त्यातून सुटत नाही. हा कर घटनेत आहे, त्याला मुदत नाही, आणि खात्याच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग आज त्यातून येतो. अर्कान्सासने १९९६ साली आणि मिनेसोटाने २००८ साली आपापल्या परीने हाच मार्ग धरला.

याचा परिणाम रानात दिसतो. तेथल्या ओझार्क डोंगरांतील स्वच्छ ओढ्यांत हेलबेंडर नावाचा एक सरड्यासारखा उभयचर प्राणी राहतो. दोन फुटांपर्यंत लांब, चपटा, सुरकुतलेल्या कातडीचा, दगडाखाली दडून बसणारा. त्याची शिकार कोणी करीत नाही, तो चुकून गळाला लागला तर मासे धरणारा वैतागतो. त्याच्या नावाने एकही परवाना जगात कधी फाडला गेला नसेल. ओझार्कच्या पोटजातीची संख्या भराभर ओसरत चालली तेव्हा राज्याच्या खात्याने आणि सेंट लुईच्या प्राणिसंग्रहालयाने मिळून तिच्यासाठी कृत्रिम ओढे बांधले, आणि २०११ साली बंदिस्त जागेत तिची पैदास प्रथमच साधली. त्याच खात्याने १९८२ पासून पाणमांजरे परत आणली, २०११ मध्ये केंटकीहून एल्क आणले. खात्याच्या राखीव रानांत आणि निसर्गकेंद्रांत कोणालाही प्रवेशशुल्क पडत नाही. कर्कवुडचे असे एक केंद्र मी पाहिले, दारात तिकीटघर नाही. भाच्याला मी विचारले, तू कधी परवाना काढला आहेस काय? तो म्हणाला, “मामा, मी तर अंडेही खात नाही. पण तूरडाळ घेतो ना, तिच्यातून देतो.” पावतीवर ती रक्कम निराळी दाखवीत नाहीत, हे त्याने मला पावती काढून दाखवले.

आपल्याकडची गोष्ट दोन वाक्यांत सांगतो. १९७२ च्या आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मूळ शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने नाहीशी झाली. ते योग्यच झाले, आणि अमेरिकेतील व्यवस्था इकडे आणावी असे मी चुकूनही सुचवीत नाही. पण २००६ नंतर व्याघ्रप्रकल्पांची जी प्रतिष्ठाने निघाली त्यांना पर्यटकांचे शुल्क जवळ ठेवता येते, आणि ताडोब्याच्या फाटकावरची जिप्सींची रांग ज्याने पाहिली आहे त्याने एकदा नान्नजच्या माळावर जाऊन यावे. माळढोकासाठी राखलेल्या त्या माळावर रांग नाही. वाघाला गिऱ्हाईक आहे, माळढोकाला नाही.

शेवटी, त्या आठ कोटी पाहणाऱ्यांनी तेल आणण्याचा प्रयत्न देशव्यापी पातळीवर कधी केला काय, असे आपण विचाराल. केला. १९९० च्या दशकात दुर्बिणी, पाठीवरच्या पिशव्या, तंबू, पाखरांचे दाणे यांवर बंदुकांप्रमाणेच अल्प अबकारी बसवावी अशी मोहीम निघाली. ते सामान बनविणाऱ्या कारखानदारांनी विरोध केला आणि ती बारगळली. ज्या बंदूकवाल्यांना आपण रानटी म्हणतो त्यांनी जे १९३७ साली पत्करले, ते दुर्बीणवाल्यांनी साठ वर्षांनंतरही पत्करले नाही. गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणारा एक म्हणून मला हे वाचताना लाज वाटली. त्यानंतर आले ते सर्वसाधारण खजिन्यातूनच दरसाल राज्यांना सुमारे १ अब्ज ३० कोटी डॉलर आणि आदिवासी राष्ट्रांना ९ कोटी ७५ लाख डॉलर देऊ करणारे विधेयक, ज्यात हेलबेंडरसारख्या परवान्याविना राहिलेल्या प्राण्यांचा भरघोस विचार होता. १४ जून २०२२ रोजी प्रतिनिधिगृहात ते २३१ विरुद्ध १९० मतांनी संमत झाले. सिनेटमध्ये पैसा कोठून आणायचा यावर बोलणी अडली, ते सभागृहापुढे मताला आलेच नाही, आणि पुढच्या जानेवारीत त्या काँग्रेसची मुदत संपली तेव्हा विधेयकही तिच्याबरोबर संपले.